परळ लांब पडलं

मी स्ट्रेचर बोलतोय. दचकू नका. मला पाहिलं की माणसं तोंड फिरवतात, हे माझ्या अंगवळणी पडलंय. पोटुशा बायका पदर सावरून भिंतीच्या कडेने जातात. म्हातारी माणसं मला बघून 'राम राम' म्हणतात, तो रामराम मला नसतो एवढं कळतं मला. पण आज ऐकाच माझं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि आज मी गरजवंत आहे.

माझा जन्म परळच्या एका कापडगिरणीत झाला. सुतारखात्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने सागाचे दोन दांडे तासले, चार मुठी गुळगुळीत केल्या आणि साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणलेलं जाड कापड दुहेरी ताणून माझी पाठ केली. ज्या साच्यांवर माणसं जखमी व्हायची, त्याच साच्यांवरच्या कापडाने त्यांना उचलायचं, असा तो घरचाच मामला होता. साचाखात्याच्या दाराशी दोन खुंट्यांवर मला टांगलं. तिथून मला सगळं खातं दिसायचं. आणि धोंडूही दिसायचा.

धोंडू घाडीगावकर. कणकवलीकडचा गडी, अंगाने काडी, आवाजाने ढोल. चार साचे चालवायचा. मला उचलायचं काम त्याला कोणी दिलं नव्हतं, ते त्याने आपणहून डोक्यावर घेतलं होतं. साच्यात धोटा असतो ना, इकडून तिकडे धावणारं लोखंडी टोकाचं लाकडी होडकं, तो कधी कधी उसळून बाहेर यायचा आणि समोर जो असेल त्याला लागायचा. कोणी कळवळून ओरडला की धोंडू साचे बंद करून पहिला माझ्याकडे झेप घ्यायचा.

"बाजू! बाजू!" करत चौघं जण मला घेऊन पळायचे. गेटाशी गिरणीच्या दवाखान्यातला कंपाउंडर हात आडवा घालायचा, "अरे, आधी मला दाखवा!"

"तुझा आयोडिन तुझ्याकडेच ठेव," धोंडू ओरडायचा. "वाटेत थांबाचा नाय! सरळ मोठ्या हास्पिटलात!"

हा त्याचा नेम. वाटेत थांबायचं नाही. कोणी ओळखीचा भेटला, कोणी काय झालं विचारलं, तरी मान वळवायची नाही. गेटातून बाहेर, कोपऱ्यावर वळलं की मोठं हॉस्पिटल. एकदा भाऊ तांबे नावाच्या जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं, कपाळ धोट्याने फोडलं. त्याचा जीव राहील असं कोणालाच वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला तसाच आत घेतला. पुढे तो बरा होऊन कामावर आला तेव्हा टाके पडलेलं कपाळ मिरवत धोंडूला म्हणाला, "जीव वाचवलास ते ठीक, पण माझी नवी चप्पल वाटेत पाडलीस ती कोण भरून देणार रे?" सगळं खातं हसलं. मीसुद्धा हसलो असेन.

त्या दिवसांत मला फार माज होता. वाटायचं, आपल्या अंगात गुण आहे, आपल्यावर निजलेला माणूस जगतो. कसला गुण नि कसलं काय! तो गुण परळचा होता. त्या एवढ्याशा टापूत एकाला लागून एक मोठी हॉस्पिटलं होती. कोणीही चार माणसं, कुठलंही फळकूट घेऊन धावली असती तरी भाऊ तांबे वाचला असता.

खंडेनवमीला गिरणीत साच्यांची पूजा व्हायची. झेंडूचे हार, गुलाल, नारळ. धोंडू एक हार माझ्यासाठी राखून ठेवायचा. मला हळदकुंकू लावून म्हणायचा, "बाबा, तू वरीसभर हयच टांगून रव. तुका काम नको." असा आशीर्वाद दुसऱ्या कोणत्या अवजाराला मिळाला असेल?

मग संप आला. भोंगा बंद पडला तो पडलाच. साच्यांवर धूळ साचली, उंदरांनी माझ्या मुठी कुरतडल्या. काही काळाने सामान भंगारात निघालं, तेव्हा जुनी माणसं आठवण म्हणून काहीबाही घेऊन गेली. कोणी पंखा नेला, कोणी घड्याळ. धोंडूने मला मागितलं.

"येडा की काय तू?" राखणदार म्हणाला. "मढ्याचं वाहन घरात नेतोस?"

"मढ्याचा नाय," धोंडू म्हणाला, "जित्या माणसाचा."

परळची खोली गेली आणि घाडीगावकरांचं बिऱ्हाड दिंडोशीला वसाहतीत आलं. धोंडू एका कंपनीत वॉचमन झाला. त्याची बायको रत्नप्रभा शिवणकाम करू लागली. मोठ्या तोंडाची, मोठ्या मनाची बाई. त्याने मला गॅलरीत खिळ्यांवर टांगलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लोक भिंतीर देव लावतत, तुमी ह्या काय लावतास?" आणि खंडेनवमीला माझ्या गळ्यात हार बघितला की ठरलेलं वाक्य, "माका कधी गजरो हाडलात नाय, ह्या लाकडाक मात्र दर वर्साक हार!" धोंडू गालात हसायचा. संध्याकाळी अबोलीचा वळेसर घेऊन यायचा आणि न बोलता तिच्या मशीनवर ठेवायचा.

सोसायटीतल्या माणसांना मी नकोसा होतो. अपशकुनी म्हणून कमिटीत माझ्याविरुद्ध चर्चासुद्धा झाली. तेव्हा शेजारचा चंद्रप्रकाश माझ्या बाजूने उभा राहिला. चंद्रप्रकाश साळवे, मूळचा जालन्याकडचा, टेम्पो चालवायचा. घरात तो आणि त्याचा धाकटा भाऊ नंदकिशोर. दोघा भावांचं जेवण निम्मं रत्नप्रभेच्याच चुलीवर व्हायचं. चंद्रप्रकाश कमिटीला म्हणाला, "राहू द्या ना यार. उद्या तुमच्यापैकीच कोणी जिन्यावरून घसरला तर काय खांद्यावर नेणार?" विषय तिथेच मिटला.

नंदकिशोर गवंडीकाम करायचा. वसाहतीच्या मागेच नवी इमारत उठत होती. एका दुपारी परांचीचा बांबू सुटला आणि तो खाली आला. खाली उभी असलेली सळई त्याच्या मांडीत शिरली. आरडाओरडा ऐकून रात्रपाळी करून निजलेला धोंडू उठला आणि बनियनवरच मला घेऊन धावला. पुष्कळ दिवसांनी माझ्या मुठींना त्याच्या हाताचा घाम लागला. त्याने नंदूच्या मांडीला पंचा करकचून बांधला, चौघांनी आम्हाला टेम्पोत चढवलं, चंद्रप्रकाशने गाडी सोडली.

थोड्याच अंतरावर पालिकेचं एक छोटं हॉस्पिटल लागतं. चंद्रप्रकाशने वेग कमी केला. "काका, इथे दाखवूया का?"

"नको, नको!" धोंडू मागून ओरडला. "इथे तापाच्या गोळ्यो देतत. वाटेत थांबाचा नाय. सरळ परळ!"

झालं. जन्मभराचा नेम तो. परळचा माणूस, दुखलंखुपलं की त्याचे पाय परळकडेच वळायचे. पण आपण आता परळात राहत नाही, हे त्या घाईत त्याच्या ध्यानातच आलं नाही. जोगेश्वरी आली, मग अंधेरीला ट्रकांची रांग लागली. "बाजू! बाजू!" धोंडू टेम्पोतून ओरडत होता. हायवेवर कोण बाजूला होणार? पंचा भिजला, मग माझं कापड भिजलं, मग टेम्पोची फळी. नंदू आधी पाणी मागत होता. वांद्र्याला तो म्हणाला, "दादा, थंडी वाजते." भर उन्हात. धोंडूने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. माहीमला त्याचा हात माझ्या दांड्यावरून खाली घसरला आणि टेम्पोच्या हिसक्यांबरोबर हलत राहिला. चंद्रप्रकाश पुढे बसून हॉर्न वाजवतच होता, त्याला काय माहीत.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने नंदूला तपासलं आणि तो खाली बसला. रागावला नव्हता, दमला होता. "दिंडोशीहून असंच आणलंत? अहो, वाटेत कुठेही रक्त थांबवून, सलाईन लावून आणायचं ना. एवढं तर कुठेही झालं असतं. पोरगा चांगला धडधाकट होता हो."

परत येताना रिकाम्या टेम्पोत धोंडू माझ्यावर हात ठेवून बसला होता. घरी आल्यावर त्याने मला घासघासून धुतलं. डाग गेला नाही. रत्नप्रभा दारात उभी राहून रडत होती. "पोराक सकाळी भाकरी दिलंय मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी धोंडू सगळ्यांत मागे, चपलांपाशी बसला. चंद्रप्रकाश उठला, त्याचा हात धरून त्याला पुढे नेलं आणि नंदूच्या फोटोसमोर बसवलं. "काका, तुम्ही मागे बसलात तर मी कोणाकडे बघू?" म्हणाला. त्याने एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. धोंडूला ते सोसलं असतं.

पुढे दोघं मिळून नगरसेवकाकडे गेले, ते मी गॅलरीत त्यांच्या बोलण्यातून ऐकलं. वसाहतीत हॉस्पिटलसाठी म्हणून एक प्लॉट राखून ठेवलेला आहे, पोरं तिथे क्रिकेट खेळतात. तिथे निदान अपघाताचा विभाग तरी उघडा, असं म्हणायला गेले होते. साहेब म्हणाले, "अहो, मुंबईइतकी हॉस्पिटलं देशात कुठे आहेत? अजून किती पाहिजेत?" चंद्रप्रकाश सरळ बोलणारा गडी. म्हणाला, "साहेब, मोजायला खूप आहेत. पण चाळीतले सगळे नळ एकाच खोलीत बसवले, तर बाकीच्यांनी प्यायचं काय?" साहेबांनी चहा पाजला आणि बघतो म्हणाले. अजून बघतायत.

धोंडूने मात्र मनाशी पक्कं केलं. आता पुन्हा अशी वेळ आली तर आधी जवळचा दवाखाना. परळचं नाव काढायचं नाही. रात्रपाळीला जाताना, परत येताना, तो हे स्वतःलाच बजावायचा. एखाद्याने डोळे मिटून पाढे म्हणावेत तसा.

आणि वेळ आली ती त्याच्याच घरी.

रत्नप्रभा बाजारातून येत होती. आमच्या वसाहतीला बाजारासाठी हायवे ओलांडावा लागतो. एका मोटारसायकलने तिला उडवलं. तिचं डोकं दुभाजकावर आपटलं. आम्ही पोचलो तेव्हा ती उठून बसली होती आणि चक्क भांडत होती. "माझी पिशवी खय गेली? बांगडे होते तेच्यात! मेल्याक दिसत नाय?" कानामागे थोडंसं खरचटलं होतं, बाकी काही नाही. धोंडूच्या जिवात जीव आला. माझ्यावर निजायला ती तयारच होईना. "ह्याच्यार? मी मराक लागलंय काय?" तरी त्याने बळेच निजवलं. तिचं वजन माझ्यावर पहिल्यांदाच आलं.

"चंदू, जवळ घे. जवळात जवळ."

जवळात जवळ एक नर्सिंग होम. तिथला माणूस दारातूनच म्हणाला, "अपघात ना? पोलीस केस. आम्ही घेत नाही." मग पालिकेचं छोटं हॉस्पिटल, तेच, नंदूच्या वेळी मागे टाकलेलं. तिथली डॉक्टरीण चांगली होती. जखम धुतली, सलाईन लावलं, पण म्हणाली, "डोक्याला मार आहे. आतलं बघायची सोय इथे नाही, डोक्याचे डॉक्टरही नाहीत. मी लिहून देते, पुढे न्या." लिहून होईतो हवालदार आला, त्याला जबाब हवा होता. धोंडू हात जोडत होता. रत्नप्रभा माझ्यावर पडून त्या हवालदारालाच रागावत होती. मग ती जरा गप्प झाली. मग उलटी झाली. मग म्हणाली, "माका झोप येता."

पुढच्या हॉस्पिटलात सोय होती, पण ऑपरेशनचे डॉक्टर त्या दिवशी दुसरीकडे होते. तिथून निघताना तिने डोळे उघडले, धोंडूकडे बघितलं आणि म्हणाली, "अवो..." पुढचं काही आलं नाही. तिला काहीतरी सांगायचं होतं, तिचे ओठ हलत होते. तो वाकून कान लावून बसला होता, अगदी परळ येईपर्यंत.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. मोठे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "या आधी बोलत होत्या ना? मग थेट इथे का नाही आणल्यात? डोक्यात रक्त साचत होतं. मध्ये दोन-तीन ठिकाणी फिरवत का बसलात?"

धोंडू हसला. देवाशपथ सांगतो, हसला. चंद्रप्रकाशने त्याला धरून बाकावर बसवलं. तिथे तो तोंडात पंचा कोंबून रडला. गिरणी बंद पडली तेव्हाही मी त्याला रडताना बघितलं नव्हतं.

रत्नप्रभा आता बोलत नाही. उजवं अंग लुळं आहे. शिवणाच्या मशीनवर चादर टाकलेली आहे. आणि मी, जो जन्मभर धावत राहिलो, तो गॅलरीत चार विटांवर आडवा आहे. कारण खाटेपेक्षा मीच तिला सोसतो आणि उन्हातून सावलीत उचलून न्यायला बरा पडतो. धोंडू तिचे केस विंचरतो, भात मऊ करून भरवतो. भरवता भरवता विचारतो, "सांग गो, चुकलंय काय मी?" ती बघत राहते. कधी तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी येतं, पण ते उत्तर आहे की नुसतं पाणी, हे त्याला कळत नाही. मलाही कळत नाही. ही एवढी भांडकुदळ बाई, माझ्यावर निजून एक शिवी तरी हासडील म्हणून मी वाट बघतो.

माझ्या लाकडी डोक्याला जे कळतं ते सांगतो. धोंडू चुकला नाही. नंदूसाठी जवळचं बरोबर होतं, रत्नप्रभेसाठी लांबचं. पण हे आधी कसं कळावं त्याला? जखमीला घेऊन धावणाऱ्या माणसाला हायवेवर उभं राहून निवड करायला लावणं, हीच मुळात क्रूर गोष्ट आहे. परळला असताना त्याला कधी निवड करावी लागली नाही. तिथे जवळचं तेच मोठं होतं.

तुम्हाला वाटेल, एवढं रामायण हा का लावतोय? तर आता काय चाललंय ते बघा.

मघाशी चंद्रप्रकाश धापा टाकत जिना चढून आला. "काका! बालवाडीच्या नलिनीबाई. हायवेवर. ट्रकने..." धोंडू जागचा हलला नाही. मग त्याने रत्नप्रभेला दोन्ही हातांनी उचललं, चटईवर निजवलं, उशी सारखी केली आणि माझ्या मुठी धरल्या.

नलिनीबाई माझ्यावर आहेत. वसाहतीतली अर्धी पोरं ज्यांच्या मांडीवर बसून अ-आ-इ-ई शिकली, त्या नलिनीबाई. गुडघ्याच्या वर मांस फाटलंय आणि रक्त थांबत नाही. आणि कानातूनही रक्त येतंय.

दोन्ही. समजतंय ना? मांडीही आणि डोकंही.

टेम्पो चालू आहे. चंद्रप्रकाशने गिअरवर हात ठेवलाय आणि मान मागे वळवलीय. "काका, कुठे घेऊ? बोला ना! काका!"

माझ्या कडेला धोंडू बसलाय. एवढा ढोलासारखा आवाज ज्याचा, त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो एकदा डावीकडे बघतो, जिकडे छोटं हॉस्पिटल आहे. एकदा हायवेकडे बघतो. बाईंच्या मांडीवर त्याने तळहात दाबून धरलाय, बोटांमधून रक्त वर येतंय.

मला नवं कापड नको, हार नको, पूजा नको. तुमच्यात कोणी शिकलेला असेल, कोणी नकाशावर बोट ठेवून इथे बांधा, तिथे बांधा असं ठरवणारा असेल, तर त्याने आता या माणसाला उत्तर द्यावं. कुठे न्यायचं बाईंना?

लवकर बोला. बाईंचा श्वास अजून चालू आहे.